औषध बदलायचं, की आधी लघवी मोजायची?

पत्र: डॉक्टर, माझे बाबा 71 वर्षांचे. हार्ट फेल्युअरचा त्रास तीन वर्षांपासून आहे. घरी लघवी वाढवणारी लॅसिक्सची गोळी चालू होती, तरी पायांवर सूज चढत गेली आणि एका रात्री धाप इतकी वाढली की आडवंच होता येईना. दाखल केलं, आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं, मग तेच औषध सिरिंज पंपावर लावलं. धाप बरीच कमी आहे, सूज हळूहळू उतरतेय. पण रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, 1.3 वरून 1.7 झालं. भाऊ म्हणतो, हे औषध किडन्या घालवतंय, बंद करायला सांगूया. शेजारच्या खाटेवरच्या काकांना लॅसिक्ससोबत दुसरं एक औषध दिलं आणि त्यांची सूज दोन दिवसांत उतरली. आई म्हणते, तेच बाबांना मागूया. मामा म्हणतात, मशीनने पाणी काढतात अशा ठिकाणी हलवूया. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

ताई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही काळजीतून आलेली आहेत, म्हणून तिन्हींचं उत्तर नीट देते. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे डोस किती असावा हे इथून सांगणार नाही; ते काम त्यांच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचं. पण या औषधांत फरक काय, आणि तुम्ही कशावर नजर ठेवायची, हे मात्र सांगते.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. हृदयाचा पंप कमी पडला की किडनीला वाटतं शरीरात रक्तच कमी पडलंय. मग ती मीठ धरून ठेवायला लागते, आणि मीठ राहिलं की पाणी त्याच्यामागे राहतंच. ते पायांत उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसांत शिरतं. म्हणून लघवीच्या औषधाचं खरं काम मीठ बाहेर काढण्याचं आहे. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

लॅसिक्स म्हणजे फुरोसेमाइड. किडनीतल्या बारीक नळीला एक लांब वळण असतं, त्याला हेन्लेचा पाश म्हणतात. गाळून आलेल्या मिठापैकी सुमारे पाव हिस्सा तिथे परत शोषला जातो. फुरोसेमाइड ती वाट अडवतं. पण त्यासाठी ते आधी रक्तातून त्या नळीच्या आत पोचावं लागतं. घरी गोळी चालू असूनही बाबांची सूज का वाढली, याचं एक मोठं कारण इथेच असू शकतं. अंगावर पाणी चढलं की आतड्यांनाही सूज येते आणि गोळी नीट शोषली जात नाही. एरवीसुद्धा फुरोसेमाइडच्या गोळीतलं साधारण निम्मंच औषध रक्तात उतरतं, आणि कुणाच्या अंगी किती लागेल याचा भरवसा नाही. म्हणून दाखल झाल्यावर शिरेतून देतात.

या औषधाचा एक स्वभाव घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. त्याला उंबरठा असतो. रक्तातलं प्रमाण त्या उंबरठ्याखाली राहिलं तर लघवी जवळजवळ वाढतच नाही. निम्म्या डोसने निम्मं काम होईल, असा इथे हिशेब नाही. काहीच न होणं शक्य आहे. किडनी आधीच थोडी थकलेली असेल तर हा उंबरठा आणखी वर असतो. डॉक्टर डोस वाढवतात तेव्हा घरच्यांना धसका बसतो, पण उंबरठ्याखालचा डोस रोज देत राहण्यापेक्षा तो ओलांडणारा डोस वेळेवर देणं पेशंटच्या भल्याचं असतं. दुसरं असं की याचा असर साधारण सहा तास टिकतो. तो ओसरला की किडनी पुन्हा अधाशासारखी मीठ ओढायला लागते. म्हणूनच ते दिवसातून दोन-तीनदा देतात, नाहीतर पंपावर लावतात.

इंजेक्शन बरं की पंप, ही चर्चा डॉक्टरांमध्येही वर्षानुवर्षं चालली. पंपावर औषध सारखं थेंब थेंब जातं, तेव्हा तेच सरस असणार, असं अनेकांना वाटे. 2011 साली अमेरिकेत ‘डोस’ (DOSE) याच नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट फेल्युअरने दाखल झालेले 308 पेशंट. काहींना दर बारा तासांनी इंजेक्शन, काहींना तेवढंच औषध सलग पंपावर. पेशंटना किती बरं वाटलं आणि क्रिएटिनिन किती बदललं, दोन्ही बाबतींत गट सारखेच निघाले. त्यामुळे इंजेक्शनवरून पंपावर नेलं म्हणजे बाबांची तब्येत बिघडली, असं समजू नका, आणि पंप म्हणजे वरच्या दर्जाचे उपचार असंही नाही. पंप लावताना आधी एक इंजेक्शन देऊन रक्तातलं प्रमाण वर न्यावं लागतं, नाहीतर थेंबाथेंबाने उंबरठा गाठण्यातच काही तास जातात. एवढी एकच तांत्रिक गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्याच चाचणीत दुसरी तुलना होती, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. काहींना घरच्या गोळीइतकाच डोस शिरेतून दिला, काहींना त्याच्या अडीचपट. ठरवलेल्या मुख्य निकषांवर आकड्यांनी ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. पण तीन दिवसांत मोठ्या डोसवाल्यांच्या अंगातून सुमारे 4.9 लिटर पाणी गेलं, छोट्या डोसवाल्यांच्या 3.6 लिटर. वजन जास्त उतरलं, धापेला जास्त आराम पडला. क्रिएटिनिन चढण्याचं प्रमाणही मोठ्या डोसमध्ये जास्त होतं, 23 टक्के विरुद्ध 14 टक्के. पण साठ दिवसांनी पाहिलं तर मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं यांत मोठ्या डोसवाल्यांचं काही वाईट झालेलं नव्हतं. या आकड्यांकडे परत येईन, कारण तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर यांतच आहे.

आता आईंच्या सूचनेबद्दल. शेजारच्या काकांना काय दिलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण लॅसिक्सच्या जोडीला देण्यासारखी औषधं मोजकीच आहेत. एक ॲसिटाझोलामाइड. उंच डोंगरावर चढताना होणाऱ्या त्रासावर आणि काचबिंदूवर वापरतात तेच. ते नळीच्या अगदी सुरुवातीला मीठ अडवतं. 2022 मध्ये बेल्जियममधल्या ॲडव्होर चाचणीत 519 पेशंटपैकी निम्म्यांना लॅसिक्ससारख्या औषधाबरोबर रोज 500 मिलिग्रॅम ॲसिटाझोलामाइड शिरेतून दिलं. तीन दिवसांत अंगावरचं पाणी पुरतं उतरलेले 42 टक्के, जोडीशिवाय 30 टक्के. दवाखान्यातला मुक्कामही साधारण एक दिवसाने कमी झाला. पुढच्या तीन महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं मात्र कमी झालं नाही.

दुसरी जोड थायझाइड गटाची: हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटोलाझोन. ही नळीच्या शेवटच्या टप्प्यावर काम करतात. लॅसिक्स खूप दिवस चाललं की तो शेवटचा टप्पा सुटलेलं मीठ पकडायला शिकतो, म्हणून अडून बसलेल्या सुजेला ही जोडी चांगली लागू पडते. स्पेनमधल्या क्लोरोटिक चाचणीत, 230 पेशंटमध्ये, हायड्रोक्लोरोथायझाइड जोडल्यावर तीन दिवसांत वजन 2.3 किलो उतरलं, न जोडता 1.5 किलो. पण धापेत फरक पडला नाही, आणि क्रिएटिनिन चढण्याचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 46 टक्क्यांच्या वर गेलं. या जोडीत पोटॅशियम आणि सोडियम झपाट्याने खाली येऊ शकतं आणि पोटॅशियम फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज रक्त तपासण्याची तयारी असेल तरच ही जोडी सुरक्षित. घरी, कुणाच्या सांगण्यावरून, मेटोलाझोनची गोळी कधीच सुरू करू नका. हे कळकळीने सांगते.

तिसरं टोलवाप्टन. ते मीठ सोडून नुसतं पाणी काढतं, म्हणून रक्तातलं सोडियम फार खाली गेलेल्या पेशंटला उपयोगी पडतं. 2007 मध्ये 4133 पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या दिवसांत वजन आणि धाप कमी झाली, पण आयुष्य वाढलं नाही. मग थायझाइड गट आणि टोलवाप्टन यांत चांगलं कोणतं? 2020 मध्ये लॅसिक्सला दाद न देणाऱ्या 60 पेशंटमध्ये मेटोलाझोनची गोळी, शिरेतून क्लोरोथायझाइड आणि टोलवाप्टन यांची समोरासमोर तुलना झाली. तिन्हींनी वजन उतरलं, कुणीच इतरांच्या पुढे गेलं नाही. चाचणी लहान होती, पण दिशा तीच.

म्हणून शेजारच्या काकांचं औषध मागू नका. त्यांची किडनी वेगळी, सोडियम-पोटॅशियम वेगळं, सुजेचं कारणही वेगळं असेल. बाबांची सूज उतरतेय, धाप कमी आहे. म्हणजे पहिलं औषध काम करतंय. दुसरं औषध कधी जोडायचं, याला खूण आहे, आणि ती खूण लघवीत असते.

इथे थोडी जास्त थांबते. ट्रेनिंगच्या काळात माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. तीन दिवस त्यांच्या चार्टवर लघवी फार कमी दिसत होती. आम्ही डोस वाढवला, दुसरं औषध जोडायचं ठरलं. चौथ्या सकाळी मी त्यांच्या सुनेला भांडं घेऊन बाथरूमकडे जाताना पाहिलं. खाटेखाली घाण दिसू नये, सासूबाईंना संकोच वाटू नये, म्हणून ती बिचारी दर वेळी भांडं ताबडतोब रिकामं करून, धुऊन ठेवत होती. मोजलेली लघवी होती फक्त रात्रीची, नर्सने टिपलेली. आम्ही जवळजवळ चुकीचा उपचार करणार होतो. दोष तिचा नव्हता; मोजायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी ते भांडं हातात घेऊन त्यावरच्या रेघा दाखवते.

तुम्हीही तेच करा. औषध गेल्यावर पहिल्या सहा तासांत दर तासाला निदान 100 ते 150 मिलिलिटर लघवी व्हायला हवी. त्याहून कमी असेल तर डोस वाढवायला हवा. 2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आणखी एक सोपी तपासणी सांगितली आहे: औषध दिल्यावर दोन तासांनी लघवीतलं सोडियम बघायचं. ते लिटरमागे 50 ते 70 मिलिमोलच्या खाली असेल तर औषध पुरेसं लागलेलं नाही, मग डोस दुप्पट करायचा, आणि मोठा डोस देऊनही अडलं तर दुसरं औषध जोडायचं. मागे म्हटलं ना, खरं काम मीठ बाहेर काढण्याचं. ही तपासणी नेमकी तेच मोजते.

सकाळचं वजन तितकंच महत्त्वाचं. लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. पहिल्या दिवसापासूनची वजनं एका कागदावर ओळीने लिहा आणि राउंडच्या वेळी तो कागद पुढे करा. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा किती खोल पडतो आणि सूज किती वर चढलीय, घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, हे रोज बघा. झोपून राहणाऱ्या पेशंटचं पाणी कमरेखाली उतरतं, पाय बरे दिसतात आणि फसगत होते. तेव्हा कंबरेच्या मागेही दाबून बघायला विसरू नका.

आता क्रिएटिनिन. भावाची भीती मला पूर्ण समजते, कारण मी शिकत होते तेव्हा आम्हा डॉक्टरांनाही हीच भीती होती. क्रिएटिनिन थोडं चढलं की आम्ही लॅसिक्स थांबवायचो, सूज तशीच राहायची, पेशंट अंगात पाणी घेऊनच घरी जायचा आणि पुन्हा दाखल व्हायचा. किडनीला दोन्हीकडून त्रास होतो: पुढून रक्त कमी येतं म्हणून, आणि मागे शिरांमध्ये पाणी तुंबून दाब वाढतो म्हणून. तुंबलेलं पाणी काढल्याने तो मागचा दाब उतरतो. पाणी निघत असताना क्रिएटिनिन थोडं वर जाणं म्हणजे किडनीच्या पेशी मरताहेत असं सहसा नसतं. गाळणीतून जाणारा प्रवाह तेवढ्यापुरता बदललेला असतो. वर सांगितलेल्या चाचणीत मोठ्या डोसवाल्यांचं क्रिएटिनिन जास्त वेळा चढलं, तरी पुढे त्यांचं काही जास्त वाईट झालं नाही, ते याचमुळे.

1.3 चं 1.7 होणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण प्रश्न आकड्याचा एकट्याचा नसतो, सोबत काय चाललंय त्याचा असतो. बाबांची धाप कमी, सूज उतरतेय, लघवी होतेय, रक्तदाब ठीक आहे, तर हा आकडा रोज बघत पुढे जाण्यासारखा आहे. उलट क्रिएटिनिन चढतंय आणि सूज जागची हलत नाही, लघवी आटली, रक्तदाब पडतोय, हातपाय गार पडलेत, माणूस गुंगीत आहे, असं असेल तर तो वेगळाच प्रसंग. तिथे हृदयच कमी पडत असतं आणि नुसत्या लघवीच्या औषधाने भागत नाही. आणि सूज पूर्ण गेली, उभं राहिलं की भोवळ येते, तोंडाला कोरड पडते, अशा वेळी मात्र भावाचं म्हणणं बरोबर ठरेल: पाणी पुरेसं निघालं, आता डोस उतरवा. यांतलं बाबांचं कोणतं चित्र आहे, हा प्रश्न भावाने डॉक्टरांना विचारावा. ‘औषध बंद करा’ हे सांगू नये.

किडनीचीच काळजी असेल तर घरच्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. सांधेदुखीसाठी बाबा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. त्या मीठ धरून ठेवतात, लॅसिक्सचा असर मारतात आणि किडनीलाही इजा करतात. बऱ्याच पेशंटच्या उशाखाली अशी एखादी पट्टी सापडते, आणि ती काही औषधात मोजायची असते असं कुणाला वाटतच नाही.

मामांच्या मशीनविषयी थोडक्यात. तिला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. रक्त बाहेर घेऊन गाळून पाणी काढतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअर आणि चढतं क्रिएटिनिन, दोन्ही असलेल्या 188 पेशंटमध्ये मशीन आणि पायरीपायरीने वाढवलेली औषधं यांची तुलना झाली. चार दिवसांत वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखंच उतरलं, साडेपाच किलोच्या आसपास. क्रिएटिनिन मशीनवाल्यांचं चढलं, आणि गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले. औषधांच्या सगळ्या पायऱ्या संपल्यावर मशीनला जागा आहे. बाबांच्या तर पहिल्या पायरीवरच सूज उतरतेय. पाचव्या दिवशी, बरं वाटत असलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून हलवू नका.

एका गोळीवरून मात्र पुढे घरात गोंधळ उडू शकतो, म्हणून आधीच सांगते. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन. ही मधुमेहाची म्हणून ओळखली जातात, आणि मधुमेह नसलेल्याला ती दिली की घरचे चुकीचं औषध आलं म्हणून हटकतात. चूक नसते. हार्ट फेल्युअरमध्ये ती मधुमेह नसतानाही देतात. 2022 मध्ये दवाखान्यातच एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केलेल्या चाचणीत, 530 पेशंटमध्ये, तीन महिन्यांनी त्या गटाची एकूण तब्येत जास्त चांगली होती. अजून सुरू केली नसेल तर विचारा, बाबांना चालेल का.

शेवटी घरी जाण्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी माणसाला बरं वाटतं, घरची ओढ लागते, आणि अंगात दोन-तीन किलो पाणी शिल्लक असतानाच सुट्टी मागितली जाते. मागू नका. सूज पूर्ण उतरली का, मानेची शीर फुगलेली आहे का, सपाट झोपता येतं का, हे डॉक्टरांसोबत बघून घ्या. सुट्टीच्या आधी शिरेतलं औषध थांबून गोळी सुरू होईल. ती लॅसिक्सची असेल किंवा टॉरसेमाइडची. टॉरसेमाइड आतड्यातून जास्त भरवशाने शोषलं जातं, म्हणून ते सरस असावं असं वर्षानुवर्षं वाटत होतं. मग 2859 पेशंटना दवाखान्यातून घरी जाताना यांतलं एक किंवा दुसरं देऊन साधारण दीड वर्ष पाहिलं. मृत्यूचं प्रमाण एका गटात 26.1 टक्के, दुसऱ्यात 26.2. तेव्हा गोळीच्या नावासाठी भांडू नका. हृदयाची बाकीची औषधं पहिल्या दोन आठवड्यांत भराभर वाढवत नेण्याचा आणि त्यासाठी लवकर लवकर तपासायला बोलावण्याचा मात्र आग्रह धरा. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत तसं केलेल्या गटात सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण 15 टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीत 23 टक्के.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या काट्यावर जे वजन येईल ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि घरी पोचल्यावर लगेच घरच्या काट्यावर पुन्हा करा, म्हणजे दोन काट्यांतला फरक कळेल. मग रोज सकाळी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागायची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.